वारा कुणीकडचा होता

अ‍ॅलेक मॅकी मागच्या दाराशी उभा होता. खांद्याला टपालाची रिकामी पिशवी, बुटांना बर्फ, टोपी हातात. सकाळचे दहा वाजले होते. दुपारी अडीचला त्याला ग्लासगोहून येणाऱ्या संघासमोर गोलमध्ये उभं राहायचं होतं, तरी गावातली पत्रं त्याची रोजच्यासारखी घरोघर टाकून झाली होती.

“मिसेस गद्रे, एक विचारू का,” तो म्हणाला. “दुपारी आईपाशी येऊन बसाल? दोन तासांचा प्रश्न आहे.”

तो बोलत राहिला. मैदानावर येऊ देत नाही म्हणून आई चिडली आहे. रेडिओ तरी बंद ठेव म्हटलं, तर तिनं तो उचलून अंथरुणात घेतलाय. पहाटे तिला पुन्हा धाप लागली होती. तिच्याजवळ कुणी असलं तर तो खेळेल. नसलं तर क्लबात जाऊन सांगेल, दुसरा माणूस उभा करा. दुसरा माणूस म्हणजे शाळेचा शिपाई सँडी रीड. वय त्रेचाळीस, आणि वाकलं की कंबर धरायची.

“सँडी उभा राहिला तर काय होईल?” मी विचारलं.

“ग्लासगोवाले गोल मारून दमतील,” तो म्हणाला. हसला, पण टोपी हातात फिरवत राहिला.

“मी भिंतीपलीकडेच आहे,” मी म्हणाले. “त्यांनी ठोकलं की मला ऐकू येतं.”

“नक्की घरात असाल?”

“आज माझं व्रत आहे. मी कुठं जाणार?”

“मग झालं.” त्यानं टोपी डोक्यावर घातली. “आई म्हणते, मिसेस गद्रे एकदा बोलल्या की बोलल्या. मी तिला तसं सांगतो.”

ही गोष्ट एकोणीसशे एकाहत्तरच्या जानेवारीतली. किलब्रे हे स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरचं चार हजार वस्तीचं कोळ्यांचं गाव, आणि आमचे हे तिथले डॉक्टर. गावाच्या फुटबॉल क्लबाचेही हेच डॉक्टर, बिनपगारी. दर शनिवारी बॅग घेऊन मैदानाच्या कडेला बाकावर बसायचं आणि कुणी पडला की धावायचं. सांगलीत असताना ह्यांनी कधी चेंडूला पाय लावला नव्हता. इथं आल्यावर मात्र शनिवारचा नियम ह्यांनी माझ्या उपासांपेक्षा कडक पाळला. ह्यांना कुणाचा निरोप आला तर तो फोनवर घ्यायचा आणि मैदानावर कळवायचा, हे माझं काम. आठ वर्षं शनिवार-शनिवार ते करून मला फुटबॉल कळत नव्हता असं म्हणता यायचं नाही. पण मी तसं म्हणत असे.

स्कॉटिश कपात लहानमोठे सगळे संघ एकत्र घालून चिठ्ठ्या काढतात, आणि हरला तो घरी. त्या वर्षी किलब्रेच्या नावापुढं ग्लासगोच्या त्या संघाचं नाव निघालं, ज्याच्या खेळाडूंची चित्रं आमच्याकडची मुलं भिंतीला चिकटवत. आमच्या संघात एक टपालवाला, दोन कोळी, एक बँकेतला कारकून, एक पाव भाजणारा. हरणार यात कुणालाच शंका नव्हती. बोललं जाई ते एवढंच, की किती गोलांनी. आमचे हे म्हणाले पाच. खाटकाच्या दुकानातल्या फळीवर खडूनं अंदाज लिहिले होते, त्यात सगळ्यात कमी आकडा चार होता आणि सगळ्यात मोठा चौदा. मला विचारलं असतं तर मीही सात-आठ म्हटलं असतं.

आमचं आणि मॅकीबाईंचं घर जोडलेलं होतं. स्वयंपाकघराची भिंत एकच. त्यांची शेगडी त्या भिंतीला आणि शेगडीजवळ त्यांचा पलंग. आणि भिंतीच्या अलीकडे, ऊब येते म्हणून, माझे देव. मी नव्या नवरीसारखी त्या गावात उतरले तेव्हा कोळसा कसा पेटवायचा तेही मला ठाऊक नव्हतं. मॅकीबाईंनी शिकवलं. चहा टाकला की त्या शेगडीची लोखंडी सळई घेऊन भिंतीवर एकदा ठोकत. म्हणजे, ये. मी जाऊन त्यांच्या उंबऱ्याशी स्टुलावर बसायची. आत जात नसे. त्यांच्याकडे चुलीवर कायम हाडांचं सूप रटरटत असायचं. त्यांनी ते कधी मनाला लावून घेतलं नाही. माझ्यासाठी त्यांनी एक वेगळा कप घेतला होता, निळ्या काठाचा, आणि तो त्या दुसऱ्या कुणाला देत नसत.

अ‍ॅलेकनं विचारलं ते खरं म्हणजे एवढंच होतं, की आज उंबरा ओलांडून आत बसा.

पण त्या दिवशी माझा शनिप्रदोष होता. लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि आम्हाला मूल नव्हतं. सांगलीला आमच्या गुरुजींनी अकरा शनिप्रदोष सांगितले होते, सलग, एकही न चुकवता. शनिवारी त्रयोदशी वर्षातून तीनचारदाच येते. तीन वर्षं, सव्वातीन वर्षं मी ते धरून ठेवले होते, आणि हा अकरावा. दिवसभर उपास, सूर्यास्ताला सोवळ्यात पूजा, पूजा संपेपर्यंत मंत्रांखेरीज मौन. भाऊ दर वर्षी पंचांग पाठवायचा, पण त्यातला सूर्यास्त सांगलीचा. किलब्रेचा सूर्यास्त मी वर्तमानपत्रातून काढायची. तिथं मोटारींचे दिवे लावायची वेळ छापत असत. जानेवारीत तिथं चार वाजता दिवस मावळतो. मॅच संपायच्या आधीच.

दुपारी एकला आमचे हे बॅग घेऊन निघाले, आणि जाताना मॅकीबाईंना बघायला शिरले. मी उंबऱ्याशी थांबले. माझी अंघोळ झालेली होती. मॅकीबाई उशांना टेकून बसल्या होत्या, मांडीवर रेडिओ. डोक्याला क्लबाच्या रंगाचा, हिरवा-पांढरा, स्वतः विणलेला रुमाल.

ह्यांनी त्यांची नाडी बघितली, औषधाची बाटली हाताशी ठेवली, आणि म्हणाले, रेडिओ ऐकणार नाही असं कबूल करा.

“डॉक्टर,” मॅकीबाई म्हणाल्या, “माझा मुलगा ग्लासगोवाल्यांसमोर उभा राहणार, आणि मी इथं कोबी चिरत बसू?”

“हृदयाचं काय?”

“ते माझं हृदय आहे. ते मॅचला गेलंय. आता शरीराला बघा तुम्ही.”

हे हसले. मग त्यांनी दोघींना बजावून सांगितलं. जरा जरी दुखलं तरी मॅकीबाईंनी भिंतीवर ठोकत राहायचं. मी ताबडतोब जायचं, एक गोळी जिभेखाली द्यायची आणि मैदानावर फोन करायचा. तिथं एक माणूस फोनपाशी बसवला आहे. मला त्यांनी आमच्या भाषेत वेगळं सांगितलं, “शरयू, बाईंचं खरं नाही. पूजा-बिजा असली तरी कान भिंतीकडे ठेव. तुझ्या भरवशावर तो पोरगा खेळतोय.”

मी हो म्हटलं.

मॅकीबाईंना आमचं मराठी कळायचं नाही, पण चेहरे कळायचे. त्या म्हणाल्या, “गंभीर होऊ नकोस, पोरी. मी तुला गोलसुद्धा सांगत जाईन. आपला झाला तर एकदा ठोकीन. त्यांचा झाला तर दोनदा.”

“मला नका सांगू,” मी म्हणाले. “मी पूजेत असेन.”

“मग तुझ्या देवाला कळेल.” त्यांनी उशीखालून एक ओला रुमाल काढला. त्यात मागच्या अंगणात बर्फातून वर आलेली पांढरी फुलं होती, घंटांसारखी, दहाबारा. सकाळी त्यांनी ती स्वतः वाकून खुडली होती. म्हणूनच त्यांना धाप लागली असणार, हे मला फार नंतर सुचलं. “तुला पांढरीच लागतात ना? त्याला सांग, एवढी फुलं जेसी मॅकीकडून. बदल्यात अ‍ॅलेकची लाज राहू दे. जिंकायचं मी मागत नाही, मला शरम आहे.”

मी फुलं वरच्यावर घेतली आणि म्हणाले, की मी देवाकडे फुटबॉल मागत नाही.

“मग काय मागतेस?” त्यांनी विचारलं. आणि माझं तोंड बघून लगेच म्हणाल्या, “जा, जा. तुझं पाणी गार होईल.”

साडेतीनला मी पुन्हा अंघोळ केली. सोवळ्याची रेशमी साडी नेसले. पाट मांडला, शंकराचा बाण ताम्हनात ठेवला. आईनं पाकिटातून पाठवलेली बेलाची सुकी पानं कोमट पाण्यात भिजत घातली होती, ती काढून पुसली. मग मौन धरलं.

अभिषेकाला सुरुवात करत होते, तेव्हा भिंतीवर एक ठोका पडला. पळी ताम्हनात किणकिणली. त्याच वेळी टेकडीवरून, मैदान होतं तिथून, असा आवाज उठला की खिडकीची काच हलली. आपला गोल झाला होता. मी मनात म्हटलं, बरं झालं, एक तरी झाला. आता बाई सुखानं पडून राहतील.

अभिषेक झाला. गंध लावलं. बेल वाहिला. मॅकीबाईंची फुलं वाहायला घेतली तेव्हा भिंत पुन्हा वाजली. ठक ठक. दोन. मी म्हटलं, फेडला त्यांनी. एक-एक.

थोड्या वेळानं पुन्हा दोन. मग पुन्हा दोन. मी फूल वाहत होते आणि मोजत होते. तीन. चार. शेवटी खाटकाची फळीच खरी म्हणायची, असं मनात आलं. पाच झाले. सहाव्याच्या वेळी पहिला ठोका जोरात आणि दुसरा अगदी हलका होता. सातव्यानंतर भिंत गप्प झाली.

धूप, दीप, नैवेद्य. आरती केली. क्षमापनाचा श्लोक म्हटला. मग सोवळं सोडून साधी लुगड्यासारखी सुती साडी नेसले, वर गरम कोट घातला, आणि दूधभाताची वाटी झाकून मॅकीबाईंकडे निघाले. टेकडीवरून गाण्याचा आवाज येत होता. इथली माणसं हरली तरी गातात, असं मी स्वतःशी म्हटलं.

दार उघडंच होतं. सूप आटून पातेलं जळलं होतं, घरभर धूर. रेडिओ पलंगाखाली पडून बोलत होता. तो माणूस पुन्हा पुन्हा एकच सांगत होता, की किलब्रे एक, ग्लासगो शून्य, आणि असं या कपाच्या इतिहासात आपण कधी पाहिलं नव्हतं. मॅकीबाई भिंतीकडे कुशीवर झुकल्या होत्या. सळई त्यांच्या मुठीत होती. भिंतीवर चुन्याचे टवके उडाले होते, एकाखाली एक, प्रत्येक आधीच्यापेक्षा खाली.

त्या दिवशी मी पहिल्यांदा तो उंबरा ओलांडला.

फोन लावला तो कुणी उचलला नाही. फोनपाशी बसवलेला माणूस मैदानात नाचत होता. म्हणून मी सपाता घालून बर्फातून धावत सुटले. गल्लीच्या तोंडाशीच ते सगळे भेटले. अ‍ॅलेकला त्यांनी खांद्यावर घेतलं होतं. अंगभर चिखल, एका भुवईला ह्यांनी घातलेले टाके, आणि आईला कधी एकदा सांगतो असा चेहरा. सगळ्यांच्या डोक्यांवरून आधी त्यालाच मी दिसले. कुणी उतरवायच्या आत तो खाली उतरला.

आमचे हे आतून बाहेर आले तेव्हा अ‍ॅलेक दाराला टेकून उभा होता. ह्यांनी मान हलवली. मला बाजूला घेऊन एवढंच विचारलं, “ठोकलं होतं?”

“हो,” मी म्हणाले. “मला वाटलं त्यांचे गोल होतायत. दोन-दोन ठोके होते.”

“किती वेळापूर्वी?”

मी सांगितलं. त्यांनी डोळे मिटले आणि उघडले. त्यावर ह्यांनी पुढं कधी एक शब्द काढला नाही, शेवटपर्यंत.

अ‍ॅलेकनं ऐकलं होतं. तो माझ्यापुढं येऊन उभा राहिला. तेव्हा मीच बोलले. म्हणाले, “पहिल्या गोलाचा लोकांचा आवाज आला होता. नंतर वारा फिरला बघ. मग काहीच ऐकू येईना. नाहीतर मला कळलं असतं, की गोल नाहीत.”

त्याच्या भुवईतून पुन्हा रक्त येत होतं.

“असेल,” तो म्हणाला. “वारा होता आज.”

गावानं मला काही म्हटलं नाही. उलट सांभाळून घेतलं. कोळ्यांच्या बायका घरी आल्या आणि म्हणाल्या, तुम्हाला बिचारीला फुटबॉलमधलं काय कळणार. दहा मिनिटांत सात गोल होत नाहीत हे तुम्हाला कुणी सांगितलं असतं? आणि जेसीला हवं ते ऐकायला मिळालं, मुलाचा विजय ऐकून गेली, असं मरण कुणाला येतं? अ‍ॅलेकला कुणी विचारलं तर तोही तेच सांगे, वाऱ्याचं. वर्षा-दोन वर्षांनी दुःख निवल्यावर त्या ठोक्यांची थट्टाही झाली. गावाची थट्टा म्हणजे मायाच. कपाची ती मॅच निघाली की कुणीतरी म्हणायचं, किलब्रेत एक-शून्य, पण डॉक्टरांच्या घरी सात-एक. आणि सगळे माझ्याकडे बघून प्रेमानं हसायचे. मीही हसायची.

त्या व्रताचं उद्यापन मी केलं नाही. मूलही झालं नाही. मागायला पुन्हा तोंड उरलं नव्हतं. बाकीचे नियम मात्र सुटले नाहीत. रोजचा जप, सोमवार, एकादशी, संध्याकाळचा दिवा. फक्त मौन तेवढं मी पुन्हा धरलं नाही.

अ‍ॅलेकनं एक नवीन सवय लावून घेतली. आमच्या दाराला पत्रं टाकायची फट होती आणि इतकी वर्षं तो त्यातूनच पत्रं टाकत असे. आई गेल्यावर महिन्याभरानं तो दारावर टकटक करून पत्रं माझ्या हातात द्यायला लागला. एखादं बिल असलं तरी. सकाळी साडेआठला टकटक व्हायची, मी दार उघडायची, तो पत्रं द्यायचा आणि दोन क्षण थांबायचा. मी थँक यू म्हणायची. मग तो टोपीला हात लावून पुढच्या घराकडे जायचा. मला वाटायचं, आईच्या जागी मानतो. आमचे हे वारले त्यानंतर तर मी त्या टकटकीची वाट बघायची.

एकोणीसशे शहाण्णवच्या जानेवारीत त्या विजयाला पंचवीस वर्षं झाली. क्लबानं शनिवारी दुपारी जेवण ठेवलं. डॉक्टरांच्या जागी मला बोलावलं, आणि माझ्यासाठी वेगळ्या भांड्यात बटाटे आणि वाटाणे केले होते. त्या संघातले नऊ जण हयात होते, पोटं सुटलेले, टकलं पडलेले. सँडी रीड अडुसष्टाव्या वर्षी सगळ्यांना सांगत होता, की आपण उभे राहिलो असतो तर तीन-शून्यनं जिंकलो असतो.

अ‍ॅलेकला बोलायला उभं केलं. एक्कावन्न वर्षांचा, अजून टपाल वाटणारा. भाषणाची त्याला सवय नव्हती, म्हणून तो नुसती मॅच सांगत गेला. गोल कसा झाला, कारकुनाच्या गुडघ्याला लागून चेंडू कसा आत गेला, त्यानंतरची पस्तीस मिनिटं कशी संपता संपत नव्हती.

“दुसऱ्या हाफला मी गावाकडच्या गोलमध्ये होतो,” तो म्हणाला. “आणि वारा समोरून. टेकडीवरून सरळ खाली बंदराकडे, आमच्या गल्लीकडे चाललेला. मी किक मारायचो आणि चेंडू अर्ध्या वाटेवरून माझ्याकडेच परत यायचा. वाटायचं, एकदा तरी फिरेल. शेवटची शिट्टी होईपर्यंत फिरला नाही.”

लोक हसले. मागून कुणीतरी सवयीनं ओरडलं, “डॉक्टरांच्या घरी सात-एक.” आणि सगळी माझ्याकडे वळून पुन्हा हसली. अ‍ॅलेक हसला नाही. त्यानं माझ्याकडे बघितलंही नाही. खाली बसला आणि पाणी प्याला.

माझ्या हातातला काटा मी बशीत ठेवला. ताटाकडे बघत बसले.

आता सांगते. त्या सातही वेळा टेकडी गप्प होती. ग्लासगोहून चार हजार माणसं आली होती. त्यांचा एक जरी गोल झाला असता तरी माझ्या खिडकीची काच पुन्हा हलली असती. पहिल्या दोन ठोक्यांनाच मी कान दिला होता, आवाज येतोय का म्हणून. आला नाही. तिसऱ्या वेळी मला कळलं होतं. हातात त्यांचंच फूल होतं. मी डोळे मिटले आणि गोल मोजायला लागले, मुद्दाम, एकेक करून, कारण गोल म्हटलं की उठायला नको होतं. उठले असते तर अकरावा प्रदोष मोडला असता. त्या घरात पाय टाकला असता तर सोवळं गेलं असतं. आणि शेवटची शिट्टी झाली तेव्हाचा आवाज? तो मी आरतीच्या मध्ये ऐकला. आरती पुरी केली. मग साडी बदलली.

जेवण झाल्यावर अ‍ॅलेक मला घरापर्यंत सोडायला आला. चालतच. चार वाजत होते, रस्त्यावरचे दिवे लागत होते. मॅकीबाईंच्या घरात आता एक शिक्षिका राहते. तिच्या खिडकीत उजेड होता. फाटकाशी आल्यावर मी थांबले.

“अ‍ॅलेक,” मी म्हणाले. “वारा फिरला नव्हता.”

“नाही,” तो म्हणाला.

“तुला केव्हा कळलं?”

“तुम्ही बोललात तेव्हाच. मी त्या वाऱ्यातूनच आलो होतो.”

“मग तू लोकांना माझंच का सांगत राहिलास?”

त्यानं खांदे उडवले. मग म्हणाला, “तुमच्या तोंडून यायला हवं होतं. मी रोज दार वाजवायचो.”

मग त्यानं विचारलं, “सगळे ऐकले तुम्ही?”

“सातही.”

“ती एकटी नव्हती, असं मी समजत होतो. भिंतीपलीकडे कुणीतरी ऐकतंय एवढं तिला ठाऊक होतं.” हे तो रागानं म्हणाला नाही. पत्ता तपासून बघावा तसं म्हणाला. मग त्यानं टोपी घातली, मला फाटक उघडून दिलं आणि टेकडीच्या रस्त्यानं परत गेला.

मी आत जाऊन दिवा लावला. रविवारी टपाल नसतं. सोमवारी मी नेहमीप्रमाणे आठलाच पूजा आटोपली आणि दाराजवळ खुर्ची ओढून बसले. साडेआठला त्याच्या बुटांचा आवाज पायरीवर आला. फट उघडली, भावाचं पत्र आणि विजेचं बिल आत चटईवर पडलं, आणि बूट पुढच्या घराकडे गेले.